लाल करदोडा

शिवशरण त्या दिवशी ढोकीच्या बाजारात बसला होता. पुढ्यात ताडपत्रीवर बांगड्या, टिकल्यांची पाकिटं, फण्या, पिना, करदोडे, पोरांच्या शिट्ट्या असा नेहमीचा पसारा मांडलेला. कारखान्याकडं ऊस घेऊन चाललेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जात होते. त्या गलक्यात खिशातला फोन वाजतोय हे त्याला शेजारच्या लसूणवालीनं सांगितलं.

फोनवर बाईमाणूस होतं. आवाज ओळखीचा नव्हता.

"तुमी बाईचे मालक का?"

"कोण बाई?"

"लशीवाली बाई. आशाबाई. आप्पा, बाई उठंना झाल्यात."

"उठंना म्हंजी? कशावर बसलीय ती?"

त्याला खरंच तसं वाटलं. त्याच्या बायकोचे, शिवकांताचे, गुडघे दुखायचे. खाली बसली की उठताना तिला कुणाचा तरी हात लागायचा. तो म्हणाला, "हात धरून उठवा की मग. गुडघ्याची तकलीफ हाय तिला."

पलीकडची बाई रडायला लागली आणि मग फोन बंद पडला.

पुढ्यात एक पोरगी बांगड्या भरायला बसली होती. एका हातात बांगड्या चढल्या होत्या, दुसरा हात मोकळा होता. शिवशरणनं तो हात घेतला आणि एक एक बांगडी नीट चढवली, एकही न फोडता. पोरगी उठून गेली. मग तोही उठला आणि उभाच राहिला. कुठं जायचं हे त्या बाईनं सांगितलंच नव्हतं. लसूणवाली म्हणाली, "आप्पा, काय झालं?" तो म्हणाला, "ती उठंना झालीय म्हणं." आणि हे वाक्य स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर त्याला त्याचा अर्थ लागला.

सकाळी ती कोपीवर जाते म्हणाली होती हे त्याला आठवलं आणि एका ओळखीच्या पोराच्या मोटारसायकलवर बसून तो तिथं पोचला. कालव्याच्या कडेच्या पडीक रानात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या. त्यातल्या एका कोपीपुढं शिवकांता आडवी होती. तिचं डोकं एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर होतं. म्हातारी तिच्या तोंडावरच्या माश्या पदरानं वारत होती. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्यांनी विचारलं, काही तक्रार होती का आधी? शिवशरण विचार करत राहिला. गुडघ्यांची होती, एवढंच त्याला आठवलं.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं रुद्रभूमीत तिला बसवून माती दिली. जंगमांनी सांगितलं तसं सगळं झालं. लेक शिवरंजनी लातूरहून आली, राहिली, "बाबा, चला माझ्याकडं" म्हणाली आणि तो "बघू" म्हणाला म्हणून एकटीच परत गेली. घरात शिवशरण राहिला. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान होतं. सकाळी फळी उघडायची, संध्याकाळी लावायची. मध्ये कुणी आलं तर द्यायचं.

शिवकांता गावची आशा होती. अणदूरकडची. माहेरी घरात कानडी बोलायची, त्यामुळं वैतागली की "साकु!" म्हणायची, म्हणजे पुरे. गावातली बाळंतपणं, पोरांच्या लशी, गोळ्यावाटप हे तिचं काम. पण ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की तिचा पाय घरात ठरायचा नाही. कोपीवरची पोरं कुठल्याच गावच्या हिशोबात नसत. त्यांच्या गावी चौकशी केली तर ती बाहेर गेलीत, इथं चौकशी केली तर ती बाहेरची आहेत. आया उजाडायच्या आत फडात जायच्या, तान्हं लेकरू उसाच्या सावलीत टाकून मोळ्या बांधायच्या. लशीचा दिवस कोणता आणि केंद्र कुठं, हे त्यांना कळणार कसं? म्हणून हीच कोपीवर जायची. आयांना गोळा करायची, सिस्टरला तिथंच बोलावून घ्यायची. शिवशरणला एवढं माहीत होतं. करदोड्यांचंही थोडंफार माहीत होतं. ती म्हणायची, "अहो, लाल तेवढे विकू नका. मला लागतात."

"कशाला?"

"पोरांना."

त्यानं कधी पुढं विचारलं नाही. बायका पोरांना काहीबाही देतच असतात.

कार्य आटोपल्यावर थोड्याच दिवसांनी ती म्हातारी दुकानापुढं येऊन उभी राहिली. सोबत दोघी-तिघी होत्या. म्हातारीच्या कडेवर एक बाळ होतं.

"आप्पा, म्या सिताबाई. वळखलं का? बाई माझ्याच मांडीवर गेली."

शिवशरणनं मान हलवली. तिला बसायला पोतं टाकलं. पाणी दिलं. पाणी पिऊन सिताबाई म्हणाली, "ह्या नातीला बाई लाल दोरा बांधणार हुत्या. म्हणल्या हुत्या, नववा महिना सरू दे, मग बांधते. आता नववा सरला. बाई न्हाईत. मग म्हणलं, आप्पाच्या हातनं तरी बांधून घ्यावा."

"माझ्या हातनं?"

"व्हय. तुमच्या बी गळ्यात दोरा हाय की देवाचा. तुमच्या हाताला गुण आसंल."

त्याच्या गळ्यात इष्टलिंग होतं, त्याचा दोरा सदऱ्यातून दिसत होता. तो दोरा लहानपणी गुरूंनी बांधला होता. त्याच्या घरात दोरा म्हणजे गुरूच्या हातचा. बांधणारा श्रद्धेनं बांधतो, बांधून घेणारा श्रद्धेनं घेतो. दोऱ्याचा आणखी काही उपयोग असतो हे त्याला कधी सुचायचं कारणच नव्हतं. त्याला एवढंच कळलं की शिवकांतानं एक शब्द दिला होता आणि तो राहिला होता. त्यानं फळीवरचा लाल करदोड्यांचा गुंता काढला, एक सोडवला, "नमः शिवाय" म्हणत बाळाच्या कमरेला बांधला. सिताबाईनं बाळाचं डोकं त्याच्या पायावर टेकवलं. तो मागं सरकला, पण त्याला बरं वाटलं. शिवकांता गेल्यापासून हातांना काय करायला सांगावं हे त्याला कळत नव्हतं. आज हातांनी काहीतरी केलं होतं.

मग बाकीच्या येऊ लागल्या. फडातून परत जाताना, बाजाराला जाताना. "बाईच्या मालकाच्या हातचा दोरा" असं कोपीवर झालं. कुणाचं लेकरू रात्री दचकायचं, कुणाचं दूध प्यायचं नाही, कुणाचं बघता बघता वाळलं होतं. तो सगळ्यांना बांधायचा. पैसे घ्यायचा नाही. त्याचा चुलतभाऊ शांतलिंग पानाच्या टपरीवरून हे बघायचा. एकदा तो म्हणाला, "शिवशरण, बायकू गेली आन् तू म्हाराज झालास. मठ कवा काढतूस?"

"तिचं राह्यलेलं करायलोय."

"तिचं राह्यलेलं? ती तर सुया टोचून घ्यायला लावायची पोरांस्नी. तू तर नुसताच बांधायलास."

शिवशरणनं ते थट्टेतच सोडून दिलं. शांतलिंगच्या तोंडाला सगळं गाव तसंच सोडून द्यायचं.

त्या आलेल्यांत एक कौसा होती. बीडकडच्या टोळीतली, स्वतःच पोरसवदा. तिच्या कडेवरची मुलगी एक क्षण स्वस्थ राहीना. "आप्पा, घट्ट बांधा. ही लई नाचरी. कोपी डोक्यावर घेती," कौसा म्हणाली. शिवशरण वाकला तसं पोरीनं त्याच्या गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि काही केल्या सोडेना. कौसा बोटं सोडवतेय, पोर खिदळतेय, शिवशरण ओणवाच. "आगं सोड, देव हाय त्यो आप्पाचा!" तो हसला. शिवकांता गेल्यावर पहिल्यांदाच हसला, आणि हसल्यावर चोरी केल्यासारखं त्याला आत काहीतरी वाटलं. पोरीच्या कमरेला त्यानं दोन गाठी मारल्या.

शिवरात्र झाली. ऊन तापायला लागलं. एके सकाळी शामला सिस्टर स्कूटीवरून आली ती हेल्मेट न काढताच फळीपाशी उभी राहिली. उपकेंद्राची सिस्टर, शिवकांताबरोबर कित्येक वर्षं फिरलेली. ती घाबरलेली दिसत होती.

"काका, लाल करदोडे तुम्ही वाटलेत?"

"व्हय. पोरांना बांधले. का?"

"कुणाकुणाला?"

"आल्या त्यांच्या सगळ्यांच्या पोरांना. का, काय झालं ताई?"

ती खाली पोत्यावर बसली. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "काका, लाल करदोडा म्हणजे गोवराची लस झाली. ती आमच्या दोघींची खूण होती."

शिवशरणला काही समजलं नाही. त्यानं विचारलं, "म्हंजी दोऱ्यात काय न्हवतं?"

"दोऱ्यात काय असणार?"

"मग ती बांधायची कशाला?"

सिस्टरनं सांगितलं. कोपीवर कार्ड टिकत नाही. उंदीर खातात, भिजतं, चुलीत जातं. टोळी हलली की कार्ड मागंच राहतं. आईला विचारावं तर ती म्हणते, काहीतरी टोचलंय बघा. म्हणून बाईनं ही युक्ती काढली होती. नववा महिना संपल्यावर गोवराची लस द्यायची, आणि दिली की लगेच लाल करदोडा. करदोडा मागं राहत नाही, तो पोराबरोबर जातो. पुढच्या वेळी झबलं वर केलं की कळतं. "मागच्या लशीच्या दिवशी मी एकटीच होते. बाई नव्हत्या. गर्दी होती. मी झबलं वर करत गेले, लाल दिसलं की पुढं. लाल दिसलं की पुढं." तिनं डोळे पुसले. "इतक्या पोरांची झालीय बघून मला नवल वाटलं होतं. पण म्हटलं बाईंनी मागं करून घेतली असतील. मीच टोचते सगळ्यांना आणि मलाच आठवलं नाही, असं कसं झालं ते माझं मलाच कळत नाही."

"आता काय झालंय?"

"कोपीवर एका पोराला गोवर निघालाय. त्याच्या कमरेला लाल करदोडा आहे."

शिवशरण उठला आणि परत बसला. शिवकांतानं हे आपल्याला सांगितलं होतं का? जेवताना कधी म्हणाली असेल. तो हूं हूं म्हणाला असेल. किंवा तिनं सांगितलंच नसेल, त्यानं विचारलंच नाही म्हणून. त्याला ठरवता येईना. त्यानं फळी लावली, उरलेले करदोडे पिशवीत भरले. कशासाठी भरले हे त्याला सांगता आलं नसतं. आणि स्कूटीवरचा लशीचा डबा मांडीवर घेऊन तो सिस्टरच्या मागं बसला.

आजारी पोराच्या कोपीवर लिंबाचा डहाळा खोवला होता. आत चूल बंद होती. गोवर निघाला की घरात फोडणी द्यायची नाही, बाहेरच्या माणसानं आत यायचं नाही, असं ती माणसं मानत होती. पोराची आई दारातच आडवी उभी राहिली. "आई आल्यात घरात. तुमी चपला घालून येऊ नगा."

सिस्टरनं चपला काढल्या आणि आत गेली. शिवशरण दाराशी वाकून बघत राहिला. पोर डोळे मिटून पडलं होतं, तोंडावर, छातीवर लाल पुरळ, श्वास भराभर. कमरेला करदोडा. आपण बांधला का हा? पोराचं तोंड सुजलेलं, त्यामुळं ओळखही पटेना.

"ह्याला आत्ताच्या आत्ता धाराशिवला न्यायला लागेल," सिस्टर म्हणाली आणि तिनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

तोवर माणसं जमली. ज्यांचे फड आटोपले होते ते मुक्कामालाच होते. त्यांत मुकादम इंद्रजित होता, उंच, गळ्यात मफलर. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाईचा दोरा आसून गोवर निघतो, म्हंजी काय? बाईनं पाणी टोचलं म्हणायचं पोरांस्नी."

शिवशरण दाराशी वाकला होता तो वळला. "तिनं पाणी टोचलं न्हाई," तो म्हणाला.

"मग?"

"बाई टोचत नव्हत्या. टोचत होते मी," सिस्टर कोपीतून बाहेर येत म्हणाली. "आणि ह्या पोराला मी टोचलेलंच नाही. आणखी बऱ्याच पोरांना टोचलेलं नाही. आज सगळ्यांना देणार आहे. लहान-मोठं, दोरा असलेलं-नसलेलं, सगळ्यांना. पट्टा पडायच्या आत. एकदा टोळ्या पांगल्या की मी कुठं शोधू तुम्हाला?"

पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम बंद होणं. तो आता कधीही पडला असता.

बायका मागं सरकल्या. "दोरा हाय आमच्या पोराला." "आमची झालीय." "दोनदा टोचायची व्हय? ताप आला तर फडात कोण जाणार?" सिस्टर सांगत होती की जास्तीची एक झाली तरी काही होत नाही, पण ते ऐकायला कुणी थांबेना.

शिवशरणला वाटलं, हे आपल्यालाच निस्तरायला हवं. ज्यांना मी बांधला त्यांना सुई द्यायची, ज्यांना शिवकांतानं बांधला त्यांना सोडायचं. सोपं आहे. त्याची गाठ वेगळी होती, ती बघून कळेल. तो पहिल्या बाईपाशी गेला, पोराचं झबलं वर केलं. गाठ त्याच्यासारखी नव्हती. "ही बाईनं बांधलेली," तो म्हणाला. "व्हय, बाईनंच," आई म्हणाली. दुसरीकडं गेला. "हा मी बांधला?" "न्हाई आप्पा, बाईनं." तिसरी. "हा?" "बाईनं." चौथी म्हणाली, "आप्पा, पोट वाढतं तसा आमी सोडून परत बांधतो. गाठ कुठली वळखू येतीय?"

त्यानं विचारणं सोडलं नाही. प्रत्येक आई "बाईनं" म्हणाली. एवढे सगळे तिनंच बांधले असतील तर मी बांधलेले गेले कुठं? सुई चुकवायला म्हणताहेत? का त्यांना तिच्याच हातचा असावा असं वाटतंय? का खरंच तिचाच आहे? एकाच गुंत्यातले करदोडे, एकाच दुकानातले. त्याला एकही सांगता येईना. तो बैलगाडीच्या चाकाला टेकून बसला.

सिताबाई नातीला घेऊन त्याच्यापुढं आली. "आप्पा, माझ्या नातीला तुमीच बांधला. म्या खोटं कशाला बोलू?"

तो चाकापासून उठला. मग म्हणाला, "मावशी, त्यात काय न्हाई. म्या बांधलेल्या दोऱ्यात काय न्हाई. पोरीची सुई राह्यलीय."

"म्हंजी?"

"आधी सुई आन् मग दोरा, आसं हुतं तिचं. मला ठावं न्हवतं. म्या नुसताच बांधला."

सिताबाईचा चेहरा बदलला. "मग बांधलाच कशापायी? तवाच म्हणायचं, म्हातारे, सुई टोचून घेऊन ये. आले नसते का म्या?"

"मला ठावं न्हवतं मावशी."

"तुमी बाईचे मालक. तुमाला ठावं न्हाई तर कुणाला आसंल?"

आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. इंद्रजितही ऐकत होता. शिवशरणला वाटलं, आता ही म्हातारी आपल्याला चार शिव्या देईल आणि त्या खाऊन घ्याव्यात. पण सिताबाई कोपीत गेली, कोयता घेऊन आली, नातीला मांडीवर घेतलं आणि कोयत्याच्या टोकानं तिच्या कमरेचा करदोडा तोडला.

"टोच गं माय," ती सिस्टरला म्हणाली. "आन् टोचल्यावर आप्पा, नवा बांधा. बाईवानी. आधी न्हाई."

पोर किंचाळली. सिस्टरनं सुई टोचली. शिवशरणनं पिशवीतून करदोडा काढून बांधला. ह्या वेळी तो नमः शिवाय म्हणाला नाही, विसरला.

मग सिताबाई कोयता हातात घेऊनच बायकांपुढं उभी राहिली. "आता कुणाला काय म्हणायचंय? पाणी टोचलं म्हणणाऱ्यानं आधी आपलं लेकरू आणावं." इंद्रजित मफलर सारखा करत बाजूला झाला आणि थोड्या वेळानं त्याची सून लेकरू घेऊन रांगेत दिसली.

सगळ्या आल्या नाहीत. काही आल्या, रडत, भांडत. एक म्हणाली, "टोचा, पण दोरा तोडू नगा. तो बाईच्याच हातचा हाय, मला पक्कं ठावं हाय." शिवशरणनं तो राहू दिला आणि शेजारी दुसरा बांधला. बाकीचे तोडलेले करदोडे पाचटात पडत होते. त्यात शिवकांतानं बांधलेले किती आणि आपण बांधलेले किती, हे बघायचं त्यानं सोडून दिलं. ॲम्ब्युलन्स येऊन आजारी पोराला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सिस्टर परत आली, जास्तीच्या लशी आणि डॉक्टरांना घेऊन. आदल्या दिवशी न आलेल्यांतल्या काही त्या दिवशी आल्या. धाराशिवहून खबर आली की पोर दूध प्यायला लागलंय.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी शिवशरणच्या लक्षात आलं की ती नाचरी पोरगी कुठं दिसली नाही. इतक्या पोरांत एकाच पोरीबद्दल त्याला पक्कं माहीत होतं. ती शिवकांताची नव्हती, त्याचीच होती. दोन गाठी मारलेली.

"कौसा कुठली कोपी?" त्यानं सिताबाईला विचारलं.

"कौसा? त्यांची टोळी गेली की शिवरात्रीच्या दुसऱ्या दिशी. त्या तिथं हुत्या कोप्या." तिनं दाखवलं तिथं चुलींचे दगड होते आणि राख.

"कुठं गेली?"

"कानडी मुलखात गेली म्हणं. तिकडं ऊस राह्यलाय."

इंद्रजित म्हणाला, "छ्या, घरी गेली. त्यांच्या मुकादमाच्या घरी लगीन हाय." त्यानं त्या मुकादमाचा नंबर दिला. शिवशरणनं लावला. फोन बंद होता. संध्याकाळी लावला, बंद. आजही तो रोज लावतो.

पुढच्या बाजारादिवशी तो ढोकीला न जाता आळंदच्या एसटीत बसला. कर्नाटकात शिरल्यावर उसाचे ट्रॅक्टर दिसले तसा उतरला आणि विचारत विचारत कोप्यांवर गेला. शिवकांताकडून ऐकलेलं तोडकंमोडकं कानडी त्यानं वापरून बघितलं. "मगु," तो म्हणायचा, लेकरू. "केंपु दारा," लाल दोरा. कमरेकडं बोट दाखवायचा. माणसं त्याच्याकडं बघून एकमेकांत बोलायची. तिथंही बऱ्याच टोळ्या महाराष्ट्रातल्याच निघाल्या, पण कौसाला कुणी ओळखत नव्हतं. एका बाईनं त्याच्या पिशवीतले करदोडे बघितले आणि लेकरू पुढं केलं. "आप्पा, बांधा की. लई किरकिरतंय."

त्याचा हात पिशवीत गेला आणि थांबला. "गोवराची सुई झाली का ह्याची?"

"सुई? ते न्हाई ठावं."

"मग इथली सिस्टर कोण हाय?"

"आमाला काय ठावं? आमी बाहेरचे."

तिला तो सांगत बसला. नववा महिना, सुई, ताप आला तरी भ्यायचं नाही. ती ऐकत होती का नव्हती, कळलं नाही. तिनं शेवटी विचारलं, "मग बांधत न्हाई व्हय?" "न्हाई," तो म्हणाला. ती रागावून आत गेली. कोपीवरच्या एका गड्याकडून त्यानं जवळच्या दवाखान्याचा रस्ता विचारून घेतला, तिथं गेला आणि दारातल्या माणसाला कोप्यांचा ठावठिकाणा सांगितला. त्या माणसानं कानडीत काहीतरी विचारलं. शिवशरणला ते समजलं नाही. तो दोनदा "केंपु दारा" म्हणाला आणि एसटी चुकेल म्हणून निघाला. वाटेत त्याला वाटलं, शिवकांता बरोबर असती तर ती बोलली असती. मग वाटलं, ती असती तर आपण इथं आलोच नसतो.

इकडं पट्टा पडला. टोळ्या पांगल्या. जाताना सिताबाई दुकानापुढं थांबली, नातीचा हात धरून त्याच्याकडं हलवला. शांतलिंगनं त्यानंतर मठाचा विषय काढला नाही. शिवरंजनी फोनवर विचारते, बाबा, येताय ना? तो म्हणतो, एक काम राहिलंय. ती म्हणते, कसलं? त्याला ते नीट सांगता येत नाही.

शामला सिस्टरनं बीडकडं, कौसाच्या तालुक्यात निरोप दिलाय. तिकडून उत्तर आलेलं नाही. कौसाचं आडनाव तिला माहीत नाही, शिवशरणलाही नाही. पोरीच्या कमरेला लाल करदोडा आहे. तो बघून कुणी सिस्टर पुढच्या पोराकडं वळेल, असं नाही. ती खूण इथल्या दोघींचीच होती. पण कौसाला कुणी विचारलं तर ती झालीय म्हणेल.

त्या पोरीला गोवराची लस मिळालेली नाही.